घड्याळाच्या मते मी पडलो

देवाला मनापासून नमस्कार केला म्हणून माझी स्कूटर गेली.

झालं असं, की उन्हाळ्यात अकोट्याच्या पुलाजवळ मी स्कूटरवरून जरा आडवा झालो. (पडलो नाही. आडवा झालो. फरक आहे!) पण बंगळुरूहून आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे निखिलनं, फर्मान काढलं, "बाबा, स्कूटर बंद!" मी जेवणाच्या ताटावर बसून मौन धरलं, तेव्हा कुठे तडजोड झाली. त्यानं एक घड्याळ पाठवलं. त्यातला सेन्सर म्हणे माणूस पडला की ओळखतो, आणि माणूस हललाच नाही तर घरच्यांना, शेजाऱ्यांना निरोप धाडतो. गणपती जाईपर्यंत निरोप आला नाही, तर स्कूटर माझी. आला, तर किल्ली हिच्याकडे.

"मला सेन्सर शिकवतो!" मी हिला म्हणालो. "उभी हयात कारखान्यात सेन्सर बसवण्यात गेली माझी. ते मला काय पाडणार?"

"तुम्हाला पडायला कुणाची मदत लागत नाही," ही म्हणाली.

तेव्हापासून मी इतका जपून चालू लागलो, की कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत मला मूळव्याध झाल्याची बातमी पसरली.

चतुर्थीला आरती झाली. ही मोदकांकडे पळाली आणि मी नमस्काराला वळलो. आता, आमच्या घराण्यात नमस्कार म्हणजे साष्टांग. गुडघे टेकत, कण्हत घातलेला नव्हे, उभ्यानं जमिनीवर झोकून द्यायचं! वडील घालायचे तेव्हा समईची ज्योत हलायची. मीही दिलं झोकून. नाक फरशीला लावून साकडं घातलं, "बाप्पा, एवढी स्कूटर वाचव!" आणि काय सांगू, मनगट थरथरू लागलं. मला वाटलं, पावला! मी आणखीच निश्चल झालो.

थोड्याच वेळात धाडकन दार उघडलं. शेजारचे गुजराती जयेशभाई हातात कांदा घेऊन आत! मागोमाग अर्धी सोसायटी.

"काकी, दोडो! काका पडी गया!"

"पडलो नाही, नमस्कार करतोय!" मी फरशीत तोंड खुपसून ओरडलो.

"जोयुं? बडबड करे छे," जयेशभाई हळहळले. त्यांनी मला उताणं केलं आणि नाकाला कांदा लावला.

ही पिठाच्या हातानं धावत आली. तेवढ्यात तिच्या फोनवर निखिलचा व्हिडिओ कॉल. "आई, बाबा पडले ना? मला मेसेज आलाय!"

"अरे, साष्टांग घातला मी!"

"बाबा, स्कूटरसाठी देवाला मध्ये आणू नका हं."

असा संताप आला! सेन्सरवर शंका आली, की तोच प्रकार पुन्हा करून बघायचा, हा आमच्या कारखान्यातला रिवाज. "सगळे बघा," मी गरजलो, "आत्ता सिद्ध करतो!" आणि दिलं झोकून. घड्याळ गप्प. "काका, जरा जोरथी," जयेशभाईंनी सुचवलं. जोरथी दिलं. गप्प! मग मात्र मी इरेला पेटलो. चार पावलं मागे गेलो, धावत आलो आणि जयेशभाईंच्या हातून खाली पडलेल्या कांद्यावर नेमका पाय पडला. टीपॉयला धडकून मी असा आदळलो, की कमरेत लखकन कळ गेली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

सगळे माझ्या मनगटावर वाकले. घड्याळानं अखेर तोंड उघडलं. "तुम्ही व्यायाम करताय असं दिसतं. नोंद करू?"

"याला पडणं म्हणतात," ही घड्याळाला म्हणाली, आणि खुंटीवरची किल्ली काढून तिनं कमरेला खोचली.

कंबर आता बरी आहे. स्कूटर ही चालवते, मी मागे बसतो. प्रत्येक खड्ड्यात ही गाडी अशी उडवते, की घड्याळ थरथरतं आणि विचारतं, "तुम्ही पडलात का?" मी निमूटपणे "नाही" दाबतो. "हो" दाबलं, तर मागची सीटसुद्धा जायची!