साडूची वॉरंटी

फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं. कंपनीने दुरुस्तीचे एकोणीस हजार सांगितले. त्याच आठवड्यात साडूचा कॅमेरा कंपनीतून फुकटात नीट होऊन आला, कारण तो वॉरंटीत होता. आणि हा साडू फोटो काढतो कुणाचे, तर स्वतःच्या मांजराचे! फोटोवाल्याच्या पोटात दुखायला लागलं. “चणे आहेत तिथे दात नाहीत,” तो करवादला.

बायकोने कंपनीचं पत्र वाचलं. “अहो, शटर दोन लाख वेळा उघडलंय म्हणे. तुमचा हात चालला म्हणून झिजलं. भाऊजींचं चारशे वेळा तरी उघडलं असेल का?”

त्याला जरा बरं वाटलं. तेवढ्यात साडू दारात आला आणि गळ्यातला कॅमेरा काढून म्हणाला, “माझा पडूनच असतो. तुमचा येईपर्यंत हा वापरा.”

त्यापेक्षा एकोणीस हजार परवडले असते.