उजव्या बाजूची सीट

आमच्या जीपचं स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे. ते उजवीकडं घ्यायचं मी यंदा ठरवलं आणि घरात सगळ्यांना सांगितलं की रस्त्यावर गर्दी फार वाढली, डाव्या स्टिअरिंगनं एखाद्या दिवशी घात व्हायचा. खरं कारण वेगळं होतं. मला माझ्या धाकट्या बहिणीची जागा मोडायची होती.

तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटलेला माणूस एका सीटवरनं जळतोय. जळतोय की. लपवून काय करायचंय?

जीप दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकनांनी आणली आणि लढाई संपल्यावर परत न्यायची कटकट नको म्हणून इथंच सोडून गेले. लष्करी लिलावात ती एका लाकूड ठेकेदारानं घेतली, त्यानं जंगलातनं ओंडके ओढून ओढून तिचा पार खुळखुळा केला, आणि त्याच्याकडनं ती आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घेतली. आल्या आल्या आबांनी तिला शेतकामाला जुंपली. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलं. फाटकी ताडपत्री काढून शिरोलीतल्या एका ओळखीच्या कारखान्यातनं पत्र्याचं छप्पर करून आणलं. मागं दुधाच्या कॅनसाठी पाइपचा कठडा, आणि आईला नऊवारीत चढता यावं म्हणून एक लोखंडी पायरी. डाव्या अंगाला सैनिकांनी कुऱ्हाड-फावडं अडकवायचे पट्टे होते. तिथं आबांनीही फावडंच अडकवलं, उसाला पाणी पाजायचं. तेलाची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, त्यामुळं डिझेल भरायचं म्हणजे आबांनी खाली उतरून सीट उचलायची आणि पंपावरच्यांनी हसायचं. गावातल्या बाळंतिणी तिच्यातनं दवाखान्यात गेल्या, नवरदेव तिच्यातनं मिरवले, निवडणुकीत तिच्यावर भोंगा चढला.

एवढं सगळं बदललं, फक्त स्टिअरिंगला आबांनी हात लावला नाही. आपल्याकडं गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात. चालवणाराही डावीकडंच बसला की पुढं उसाची ट्रॉली आडवी आल्यावर त्याला पलीकडचं काही दिसत नाही. मग उजवीकडं बसलेल्यानं डोकं बाहेर काढून बघायचं आणि सांगायचं, "थांबा" नाहीतर "जावा". आबा त्या शब्दावर गाडी काढायचे. गाडीत बसलेल्या सगळ्यांचा जीव त्या एका शब्दावर.

ती जागा आधी माझी होती. थोरला पोरगा म्हटल्यावर दुसऱ्या कुणाची असणार? एकदा कुरुंदवाडच्या बाजाराला निघालो होतो. आबांनी मला मागं बसायला सांगितलं आणि बहिणीला उचलून पुढं बसवलं. ना रागावणं, ना कारण. मला वाटलं, आजच्यापुरतं असेल. ते कायमचंच झालं.

तेव्हापासनं मी मागं, कॅनच्या गर्दीत. वळण आलं की गुडघ्यावर कॅन. पुढं बाप-लेक सारखी बोलत असायची, आबा मान हलवून हलवून हसायचे, आणि खडखडाटात मला त्यातलं अक्षर ऐकू यायचं नाही. तिचं "थांबा आबा, थांबा... जावा" तेवढं यायचं, कारण ते ती बोंबलून सांगायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. वाटायचं, एकदा चुकू दे हिचं. मग ध्यानात यायचं की चुकलं तर आपणही ह्याच गाडीत आहोत. ती चुकली नाही कधी. चहाच्या टपरीवर आबा कौतुकानं सांगायचे, "मी कुठं चालवतोय, गाडी ही चालवती." तिला बिस्कीट मिळायचं. मलाही मिळायचं म्हणा, पण आधी तिला.

पुढं तिचं लग्न कुरुंदवाडातच झालं आणि ती सीट रिकामी झाली. मी तोवर चांगला दांडगा झालो होतो. आता आबा हाक मारतील, चल बस म्हणतील, म्हणून मी दारात घुटमळायचो. ते एकटेच जायचे आणि कुठल्यातरी ट्रकच्या मागनं रेंगाळत घरी यायचे. उशीर का झाला म्हणून आई खेकसली की म्हणायचे, "ट्रॉली हुती म्होरं." ट्रॉलीमागं रखडणं चाललं, पण मला शेजारी बसवणं नको. हे माझ्या फार जिव्हारी लागलं.

गेल्या वर्षी आबा गेले. बहिणीनं एका शब्दानं न कुरकुरता सही करून आपला हक्क सोडला. "मला माहेर राहिलं म्हणजे झालं दादा," म्हणाली. घर, शेत, जीप सगळं मला आलं, आणि जळतोय पुन्हा मीच.

तर महिन्यापूर्वी ती दात दाखवायला राजारामपुरीत आली, आमच्याकडंच उतरली. स्टिअरिंगचं तिला कळलं होतं. निघताना म्हणाली, "मोडायच्या आधी एकदा जीपमधनंच सोड की मला."

सोडायला निघालो. साखर कारखान्यांचे दिवस, रस्ताभर ऊस. पहिली ट्रॉली आडवी आल्याबरोबर हिनं पदर खोचला, डोकं बाहेर काढलं.

"थांब."

थांबलो. मागनं हॉर्न वाजायला लागले, तरी ही गप्प. मी तिच्याकडं बघत राहिलो.

"माझ्याकडं काय बघतोयस, म्होरं बघ," ती म्हणाली, आणि मग, "जा."

मी गेलो. मला काहीएक दिसत नव्हतं, तरी गेलो, आणि पुढं सगळा रस्ता मोकळा. आयुष्यात कधी एवढा निर्धास्त झालो नव्हतो. हे सुख आबांना हिनं वर्षानुवर्षं दिलं, हे कळून पोटातली आग आणखीच भडकली.

तिच्या दारात चहा घेताना मला राहवलं नाही. विचारलंच, "आबांनी मला त्या सीटवरनं का उठवलं गं?"

"तुला म्हायत न्हाय?" तिनं कप खाली ठेवला. "तू रस्त्याकडं बघतच नव्हतास की. आबा म्हणायचे, पोरगं सारखं माझ्या तोंडाकडं बघतंय. मी खूश हाय का न्हाय, तेवढंच बघतंय. कुठंतरी धडकवंल आम्हाला."

"चिडून म्हणायचे?"

"चिडून कशाला? हसून हसून सांगायचे. दर खेपेला तेच, पोरगं असं करतंय, पोरगं तसं करतंय. मला वीट आलता दादा. सीटवर मी, आणि गोष्टी सगळ्या तुझ्या."

मी चहा तसाच ठेवून उठलो.

परतताना शेजारी कोणी नव्हतं. गावाबाहेर पडतो न पडतो तोच पुढं ट्रॉली आली. पलीकडचं दिसत नव्हतं, म्हणून तिच्या मागंच राहिलो, थेट शिरोलीपर्यंत. मागनं येणारा एकेक जण मला ओलांडून जाताना वाकडं तोंड करून बघत होता. घरी बायकोनं विचारलं, एवढा उशीर? म्हटलं, ट्रॉली होती पुढं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला फोन करून सांगितलं, स्टिअरिंग राहू दे जिथं आहे तिथं.

बहिणीवरचा राग गेला. जळणं काही गेलं नाही. आता जळतो ते त्या पोरावर, ज्याच्या गोष्टी सांगताना आबा एवढे हसायचे. मी हातभर अंतरावर, त्यांच्या पाठीमागंच बसलो होतो. कॅन वाजत होते.