पंख्यातली मिरची
वाळत्या मिरचीचा वास आला की नंदुरबारचं आमचं जुनं घर आठवतं. मिरची वाळत घालायची पथारी अगदी खिडकीखालीच, त्यामुळे लाल धूळ घरभर. नोकरीची ऑनलाइन परीक्षा तासाभरावर आली होती आणि माझा लॅपटॉप सारखा 'फॅन एरर' दाखवून बंद पडत होता. मी लॅपटॉपच्या जाळीला तोंड लावून जोरात फुंकर मारली, तर आतली मिरचीची धूळ उलट डोळ्यांत आली आणि पंखा काही हलला नाही. मोबाइलवर लॅपटॉपच्या कंपनीची साइट उघडली, तिथे एकच उपाय होता, फर्मवेअर, म्हणजे लॅपटॉपचं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. पण मध्येच वीज गेली तर लॅपटॉप कायमचा बंद पडेल, हेही तिथेच लिहिलेलं. बॅटरी तर नावालाच उरलेली. भाऊ म्हणाला, "लाईट शे, आत्तेच करी टाक." लाईट होती तोवर मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. निळी पट्टी अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात स्क्रीन काळी झाली आणि डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबत गेला. तो पूर्ण थांबेपर्यंत मी वरच बघत राहिले. आई आत आली, माझे भरलेले डोळे बघून म्हणाली, "डोयामा मिरची गई का वं?" मी हो म्हटलं. आजही मिरची भाजताना माझी मुलगी तेच विचारते, आणि मी हो म्हणते.