कारभारीण आणि जमादाराच्या सुया

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम काय केलं, तर एका म्हाताऱ्या कुत्र्याला उचलून रिक्षात टाकलं. कुत्रं आमचंच, नाव जमादार. भोकरदनच्या दवाखान्यात त्याला सुया टोचून झाल्या होत्या आणि घरी परत यायचं होतं. रिक्षावाला लांब उभा राहून बिडी ओढत होता. कुत्र्याला हात लावणार नाही, हे त्यानं आधीच बोलून घेतलं होतं. कारभारणीनं मागचं अंग धरलं आणि मला म्हणाली, "तोंडाकडून तुमी धरा."

म्हणलं, "आन् चावला म्हंजे?"

"चावला तर तुमालाच चावंल. मला सैपाक करायचाय."

अशी होती ती. मी तिला कारभारीणच म्हणायचो. बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, आणि आता घ्यायला गेलो तर जिभेला वळण नाही. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिण्याचा आणि माझा संबंध अंगठ्यापेक्षा थोडा जास्त. पण अलीकडं जो भेटतो तो म्हणतो, "बाबा, काकू लई मायाळू होत्या." ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. मायाळू नव्हती. जनावराशी होती. माणसाला ती मोजायचीच नाही.

तिचं माहेर मेंढरं राखणारं. लहानपण रानात, मेंढरं कोंडायच्या वाघरीपाशी, कुत्र्याच्या कुशीत झोपून गेलेलं. त्यामुळं कुत्र्याशी बोलणं तिला माणसाशी बोलण्याहून सोपं. घरात मला दिवसभरात "जेवा" आणि "दार लावा" एवढं बोलायची. तीच बाहेर जमादारापाशी टेकली की सुरू. "का रे, भाकर न्हाई खाल्ली? करपली व्हय? करपली तर करपली. घरात दुसरा बी खातो, तो न्हाई बोलत." दुसरा म्हणजे मी.

जमादार हे नाव तिनंच ठेवलेलं. पिल्लू होता तेव्हापासून दारात असा बसायचा, की जाणाऱ्या-येणाऱ्यानं परवाना दाखवूनच पुढं सरकावं. अख्खी उमर त्यानं रुबाबात काढली. मग एका हिवाळ्यात त्याचं मागचं अंग धरलं. पुढचे पाय उठायचे, मागचे उठायचे नाहीत. उठवायला गेलं की असा केकाटायचा की शेजारची म्हैस दूध चोरायची. गावानं सल्ले दिले. कोणी म्हणालं, रानात नेऊन सोडा. कोणी म्हणालं, इंजेक्शन देऊन मोकळं करा. मी म्हणालो, डाग द्या. आमच्याकडं तीच रीत. बैल लंगडला, डाग. खांदा सुजला, डाग. जुन्या काळी माणसालासुद्धा सोडत नसत.

मी विळा चुलीत घातलाही. लाल झाला. तेवढ्यात कारभारीण आली. विळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पदर बाजूला करून पोटावर बोट ठेवलं. तिथं बोटाएवढा जुना डाग होता. तो मी लग्नापासून बघत आलेलो.

"आमच्या बापानं दिल्ता," ती म्हणाली. "पोट दुखून राह्यलं होतं म्हणून. पोट दुखायचं काय बंद झालं न्हाई. दुखतंय म्हणायचं बंद झालं."

आणि विळा उचलून बादलीत बुडवला. चर्र आवाज झाला, तसा जमादार घाबरून मागचं अंग घासत हातभर सरकला.

त्याच आठवड्यात शेजारच्या म्हशीला बघायला भोकरदनहून डॉक्टरीण आली. तरुण पोरगी, पँट घातलेली, कोपरापर्यंत प्लास्टिकचा मोजा. म्हशीचं झाल्यावर कारभारणीनं तिला हाताला धरून आमच्या ओट्यावर आणलं. पोरीनं जमादाराचे पाय वाकवून बघितले, कंबर चाचपली आणि म्हणाली, "आजी, सांधे झिजलेत. गोळ्या देते. थोडं वजन उतरवा. आणि सुया टोचून बघू."

मी म्हणलं, "कोणतं औषध भरून?"

"औषध नाही, बाबा. नुसत्या सुया. ठरावीक जागी टोचायच्या आणि थोडा वेळ तशाच ठेवायच्या."

"औषध न्हाई तर सुई कशाला? मोकळी गाडी कोन हाणतं?"

पोरगी हसली. म्हणाली, "दुखणं कमी होईल असं वाटतं. म्हातारपण नाही जाणार. काहींना चांगला गुण येतो, काहींना नाही."

कारभारीण म्हणाली, "बाई खरं बोलून राह्यली. टोच."

केसासारख्या बारीक सुया. कंबरेला, मांडीला, पायाला, आणि एक दोन्ही कानांच्या मधोमध. मी दार धरून उभा होतो, केकाटला की आत पळायचं. पण जमादारानं एक मोठी जांभई दिली आणि ओट्यावर मान टाकली. जरा वेळानं घोरायला लागला. महिना झाला असेल त्याला तसं झोपून.

पण ओटा पडला रस्त्याला. खालच्या आळीची कौसाबाई डोक्यावर पाटी घेऊन चाललेली. तिनं बघितलं, कुत्रं निपचित पडलंय आणि अंगभर सुया उभ्या. आपल्याकडं सुया-टाचण्या टोचलेला लिंबू बघितला तरी माणूस रस्ता सोडतो, इथं तर अख्खं कुत्रं. दुपारपर्यंत गावभर झालं, कारभारणीनं करणी केली. कोणावर केली हे काही ठरेना. म्हणून ज्याची ज्याची पाठ दुखत होती, त्यानं त्यानं ती आपल्यावरच झाली असं धरलं. गावात पाठ न दुखणारा माणूस कोण आहे? संध्याकाळी कौसाबाई स्वतः मीठ-मिरच्या मुठीत घेऊन दारात हजर. म्हणाली, "कारभारणी, काय चुकलं असंल तर पोटात घाल, पण उतर हे."

कारभारीण भाकरी थापता थापता म्हणाली, "कौसे, तुझ्यासाठी लिंबू लई झालं असतं. कुत्रं कशाला नासवू मी?"

मग दर बाजारच्या दिवशी भोकरदनची वारी सुरू झाली. पहिल्याच खेपेला तिनं डॉक्टरणीपुढं आपला गुडघा उघडा केला. "हितं बी एक टोच."

"आजी, मी जनावरांची डॉक्टर. तुम्ही माणसांच्या दवाखान्यात दाखवा."

"चार पायाच्याला बसती, दोन पायाच्याला बसत न्हाई?"

"माझ्यावर केस होईल, आजी."

"कोन करतंय केस? हे?" माझ्याकडं हात करून म्हणाली. "ह्यांला तालुक्याचं कोर्ट बी ठावं न्हाई."

पोरीनं टोचली नाही ती नाहीच. कारभारीण रुसून बसली, पण जमादाराची खेप काही चुकवली नाही.

दवाखान्यात अडचण एकच होती. सुया असेपर्यंत कुत्र्यानं पडून राहायला पाहिजे, आणि जमादार पडून राहायचा तो कारभारीण बोलत असेपर्यंतच. ती गप्प झाली की हा मान उचलायचा. म्हणून ती बोलत राहायची. आता दर आठवड्याला कुत्र्याशी नवीन बोलायला आणायचं कुठून? घरचंच. "म्हाताऱ्याला पोरानं दात करून देल्ले. तर हे डबीत ठेवतेत. म्हणतेत, वापरले तर झिजतील. लग्नाकार्यात लावतेत. जेवायच्या टायमाला काढून खिशात." बाकावर शेळ्या-करडं घेऊन आलेली माणसं कान देऊन ऐकायची. मी बाहेर लिंबाखाली बसलेलो असायचो. एकदा कुठला तरी अनोळखी धावड्याकडचा माणूस शेळी ओढत बाहेर आला आणि माझ्यापुढं थांबून म्हणाला, "बाबा, लावत जा वो दात. झिजत न्हाईत." 

मी घरी येऊन विचारलं, "लोकांपुढं हे काय लावलंय?"

"लोकाला कोन सांगतंय? मी कुत्र्याला सांगून राह्यले. त्यांनी ऐकलं तर माझा काय गुन्हा?"

पण गुण आला. खोटं कशाला बोलू? मी तर गुण येऊ नये म्हणून टपलेला होतो. आधी झोपेतलं कण्हणं थांबलं. मग एक दिवस कोणी हात न लावता मागचे पाय उभे राहिले, थरथरले, पण राहिले. जमादारानं ओट्यावरून उतरून लिंबाच्या बुंध्याला पाय वर केला, तेव्हा कारभारणीनं मला घरातून हाक मारून बोलावलं. देवाची पालखी दारात आली तरी तिनं मला अशी हाक मारली नव्हती.

डॉक्टरीण म्हणाली, "आता रोज सकाळी थोडं चालवायचं. चुकवायचं नाही. एकदा अंग आखडलं तर परत उठवणं अवघड. पण ओढायचं नाही. बसला तर बसू द्या, त्याच्या मनानं उठेल."

कारभारणीनं हे वेदासारखं पाळलं. रोज सकाळी झाडलोट झाली की दोरी हातात घेऊन निघायची, ती उन्हं पार वर आली की परत यायची. मी चहाला खोळंबलेला. म्हणायचो, "एवढ्या वेळात माणूस पिंपळगावची रेणुकाई करून यील."

"बसलं की बसू द्यायचं म्हणलीय डॉक्टरीण. कुत्रं दमतंय. मी काय करू?"

आता तो शेवटचा दिवस. रिक्षातून उतरलो. तिनं आधी जमादाराला पाणी ठेवलं, मग मला दिलं. पिठलं-भाकर केली. मला वाढलं. स्वतः नाही बसली. म्हणाली, "मी जरा टेकते. त्याच्यावर ऊन आलंय, सावलीत घ्या."

मी जमादाराला सावलीत घेतलं. आत जाऊन सांगितलं, "घेतला." तिनं हूं केलं नाही. ती कधीच हूं करायची नाही. म्हणून मी बाहेर येऊन बसलो. चहाची वेळ टळून गेली तेव्हा उठून बघितलं.

डॉक्टर म्हणाला, हृदय. बराच वेळ दुखलं असेल म्हणाला.

शहरातून पोरगा आला, गजानन. त्याच रात्री सगळं उरकलं. गर्दीत पायात येतं म्हणून कुत्र्याला कोणीतरी गोठ्यात बांधून टाकलं होतं. ते तिथंच राहिलं, कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. बाया आत रडत होत्या, टोपीवाले ओसरीवर तंबाखू मळत होते. मी भिंतीला टेकून बसलेलो. तेवढ्यात गोठ्यातून कण्हणं ऐकू आलं. जाऊन बघतो, तर जमादार पुढच्या पायांवर उभा आणि मागचं अंग शेणात. एका दिवसात पहिल्यासारखं.

मी वाकलो. कंबरेखाली हात घातला. तो केकाटला, मीही ओरडलो, दोघंही उठलो. दोरी सोडून दारातून निघालो, तर गजानन आडवा आला.

"बाबा, आज कुठं? लोकं येऊन राह्यले भेटायला."

"लोकं बसतील," मी म्हणालो. "हे आज बसलं तर उठणार न्हाई."

रस्ता मला माहीत नव्हता. म्हणजे गावचे रस्ते माहीत होते, त्यांचा रोजचा माहीत नव्हता. म्हणून दोरी ढिली सोडली. जमादार लंगडत निघाला आणि थेट कौसाबाईच्या दारात जाऊन बसला. ती पदराला हात पुसत बाहेर आली, कुत्र्याकडं बघितलं आणि चौकटीला डोकं लावून रडायला लागली. ती सावरली तसा जमादार उठला. पुढं शिंप्याच्या दारात बसला. मग गिरणीपाशी. मग एका बाळंतिणीच्या दारात, तिथं पोर दाखवायला बाहेर आणलं. कुठंच दमलेला नव्हता. मी चांगलं निरखून बघितलं. धाप नाही, जीभ बाहेर नाही. कुत्रं दमायचं नाही. बाई थांबायची.

असं करत तो वरच्या आळीला वळला, आणि रंगनाथच्या दारात बसला.

रंगनाथ माझा चुलतभाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचं वाजलं, तेव्हा गजानन शाळेत होता. तेव्हापासून बोलणं नाही. चूक त्याची होती, आजही सांगतो. काल त्यानं तिला खांदा दिला, पण माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, मीही नाही बघितलं.

मी हळूच म्हणालो, "ऊठ रे." उठला नाही. दोरीला हात घातला, पण ओढायचं नाही हे ठरलेलं. तेवढ्यात रंगनाथची बायको भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आली. आम्हाला बघून आणलेला नव्हता, रोजच्यासारखा आधीच हातात होता. कुत्र्यापुढं ठेवून ती आत गेली. मागून रंगनाथ आला. बराच वेळ कुत्र्याकडंच बघत राहिला.

"वयनी रोज येत व्हत्या," तो कुत्र्याला म्हणाला. "म्हणायच्या, दमलंय, जरा बसू द्या."

मी दोरी हाताला गुंडाळत राहिलो.

"तुमचं समदं सांगायच्या. काय खाल्लं, कुठं भांडले." मग आत जाऊन त्यानं बाज आणून टाकली. "सुतक मला बी हाय. बसा दादा."

मी उभाच. जमादारानं भाकर खाल्ली, पंजे चाटले आणि बाजेच्या सावलीत मान टाकून डोळे मिटले. आता हा आपल्या मनानं कधी उठायचा, देव जाणे. उन्हं वर आली. घरी लोक खोळंबले असतील. रंगनाथ समोर उंबऱ्यावर बसलेला.

मग मी बसलो.