उपासाचं ट्रायफल

आमच्या घरी ख्रिसमसला ट्रायफल असतं. सिडनीत आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या बाईंनी ते मला खाऊ घातलं. काचेचा खोल बाऊल, तळाशी केक, त्यावर जेली, कस्टर्ड, स्ट्रॉबेऱ्या, रास्पबेऱ्या आणि सगळ्यांवर क्रीमचं पांघरूण. मी त्याच आठवड्यात तसला बाऊल घेऊन आले. तेव्हापासून कॅसल हिलच्या आमच्या घरी नातेवाईक जमले की ट्रायफल माझ्याकडे, हे ठरून गेलं. मला मिरवायला आवडतं, आणि काचेच्या बाऊलमध्ये मिरवायची सोय असते.

सगळे खातात. सासूबाई सोडून.

त्याला कारण माझा नवरा. सासूबाई पुण्याहून पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी हौसेने श्रीखंड केलं होतं. टेबलावर एकीकडे त्यांचं श्रीखंड, दुसरीकडे माझं ट्रायफल. आणि हा तोंडात चमचा असतानाच म्हणाला, "आई, तुझ्या श्रीखंडापेक्षा हे भारी आहे हं!" पॅरामॅटाच्या ऑफिसात सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या माणसाला घरात काय बोलू नये एवढं कळू नये? त्या दिवसापासून सासूबाईंनी आमच्या घरात श्रीखंड केलं नाही आणि ट्रायफलला हात लावला नाही.

कारणं मात्र तयार असायची. एका वर्षी म्हणाल्या, केकमध्ये अंडं असतं. पुढच्या वर्षी मी बिनअंड्याचा केक केला. तर म्हणाल्या, जेलीत प्राण्यांचं काहीतरी असतं, भिशीत कोणीतरी सांगितलं. मी इंडियन ग्रोसरीतून चायना ग्रास आणून जेली केली. त्यावर त्यांचा घसा बसला. थंड चालत नाही म्हणे! दुसऱ्याच दिवशी त्याच घशाखाली दोन कुल्फ्या गेल्या.

हे सगळं मी हसत सांगते खरी, पण मला वाईट वाटायचं. सगळे वाट्या चाटूनपुसून खाताहेत आणि ज्या बाईने एकदा तरी "छान झालंय गं" म्हणावं असं वाटतं, ती समोर बसून सफरचंद कापतेय. या वर्षी मी मनाशी पक्कं केलं, काही झालं तरी एक वाटी त्यांच्या पोटात गेली पाहिजे.

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सकाळी मी बेऱ्या धूत होते. सासूबाई चहा घेता घेता म्हणाल्या, "उद्या माझं काही धरू नकोस हं. एकादशी आहे."

"आई, एकादशी झाली की परवा. खिचडी नाही का केलीत?"

"ती स्मार्त. उद्या भागवत."

आता, स्मार्त आणि भागवत लागोपाठच्या दिवशी येतात, मध्ये सुट्टी घेत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण त्या चहाच्या कपात बघत होत्या आणि त्यांचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, बरं. अगदी गरीब गाईसारखा चेहरा करून पुढे विचारलं, "मग उद्या तुम्ही खाणार काय? श्रीखंड चालतं ना उपासाला?"

सासूबाईंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात दही फडक्यात बांधून नळाला टांगलं. संध्याकाळी चक्का उतरवला, साखर घालून गाळून घेतला, वेलची-केशर घातलं आणि डबा फ्रिजमध्ये ठेवून त्या टीव्ही बघायला गेल्या. मी डबा बाहेर काढला. राजगिऱ्याचे लाडू कुस्करून संत्र्याच्या रसात भिजवले आणि बाऊलच्या तळाशी दाबले. केक नाही, धान्य नाही. त्यावर साखरेत शिजवलेल्या स्ट्रॉबेऱ्या. त्यावर सासूबाईंचं श्रीखंड, मग रास्पबेऱ्या, मग क्रीम. बाकीच्यांसाठी नेहमीचं ट्रायफल दुसऱ्या भांड्यात.

दुसऱ्या दिवशी दीर-जाऊ जेवायला आले होते. बाहेर बार्बेक्यूवर पनीर आणि मक्याची कणसं भाजली जात होती, टेबलावर पुलाव होता, जावेने केलेले बटाटेवडे होते. बटाटेवडा म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण. पण एकादशी! त्या केळं सोलत वड्यांकडे बघत होत्या. मला दया आली, पण फार नाही.

मी काचेचा बाऊल त्यांच्यापुढे ठेवला. "आई, हे तुमच्यासाठी. उपासाचं."

त्या थरांकडे निरखून बघायला लागल्या. "हे खाली काय?"

"राजगिऱ्याचे लाडू."

"आणि हे लाल?"

"फळं. फळं चालतात ना?"

"आणि हे पिवळं?"

"तुमचं श्रीखंड."

श्रीखंड त्यांचं, उपास त्यांचा. आता कशाला नाही म्हणणार? माझी मुलगी म्हणाली, "आजी, जस्ट ट्राय इट!" त्यांनी अगदी चमच्याच्या टोकावर येईल एवढं घेतलं. मग चमचाभर. मग बाऊलच जवळ ओढला. दिराने मोठा चमचा घेऊन हात पुढे केला, तर त्यांनी चमच्यानेच त्याच्या हातावर मारलं.

"तुझं तिकडे आहे. हे उपासाचं आहे."

नवरा काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

पण सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही. पाहुणे गेले, भांडी घासून झाली, तरी नाही. मी मनातून खट्टू झाले.

सकाळी मी त्यांच्यापुढे चहा आणि उरलेले दोन वडे गरम करून ठेवले. त्यांनी बशी बाजूला सारली.

"मला नको. आज एकादशी आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. या वेळी त्या कपात बघत नव्हत्या, सरळ माझ्याकडे बघत होत्या. ओठ घट्ट मिटलेले, पण हसू कडेने बाहेर येत होतं.

"मग साबुदाणा भिजवू?" मी विचारलं.

"कशाला? ते कालचं उरलंय ना तळाला?" त्या म्हणाल्या. "दोन चमचे आण. तूही कर एकादशी."