फ्रान्सची सीट

"मॅडम, हे युनिव्हर्सिटी हाय की कॉलेज? एकदा नक्की सांगा."

आमच्या संस्थेचे अध्यक्ष माझ्याकडे झुकून हळू आवाजात विचारत होते. समोर पडद्यावर फ्रान्समधल्या एका इंजिनिअरिंग विद्यापीठाची रचना दाखवणारी स्लाइड होती. ती समजावून सांगत होत्या तिथल्या प्राध्यापक एलेन. त्या चंद्रपूरला आमच्या कॉलेजशी एमओयू करायला, म्हणजे सामंजस्य करार करायला आल्या होत्या. मी मायनिंग विभागाची प्रमुख होते आणि या कराराचं काम माझ्याकडे होतं. वर्षभर मेल लिहून मी ही भेट घडवून आणली होती.

"सर, कायद्यानं युनिव्हर्सिटी, कामानं इंजिनिअरिंग कॉलेज," मी म्हणाले.

"असं कसं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मलाही ते समजायला वेळ लागला होता. फ्रान्समध्ये विद्यापीठं वेगळी आणि इंजिनिअर घडवणाऱ्या शाळा (तिथे कॉलेजलाही शाळाच म्हणतात) वेगळ्या, अशी जुनी पद्धत आहे. सरकारला खाणी चालवायला, पूल बांधायला माणसं हवी होती. त्यासाठी सरकारनं स्वतःच्या शाळा काढल्या. त्या विद्यापीठांच्या बाहेर वाढल्या आणि पुढे विद्यापीठांपेक्षा मानाच्या ठरल्या. तिथे 'इंजिनिअर' ही पदवी कोणीही उठून देऊ शकत नाही. एक राष्ट्रीय आयोग शाळा तपासतो आणि मग परवानगी देतो. एलेनची संस्था म्हणजे कोळशाच्या पट्ट्यातली अशीच एक खाणशाळा. तिथला कोळसा संपला, खाणी बंद झाल्या. विद्यार्थी येईनासे झाले. मग शेजारच्या गावातली यंत्रशाळा आणि ही खाणशाळा एकत्र करून सरकारनं त्यांचं तंत्रज्ञान विद्यापीठ केलं. पाच वर्षांचा अभ्यास. पहिली दोन वर्षं सगळ्यांना सारखी, पुढची तीन आपापल्या शाखेची. मधला एक सहामाहीचा काळ कारखान्यात काढायचा, तेव्हा कॉलेजचं तोंडही पाहायचं नाही.

एलेननं पुढची स्लाइड लावली. सर्वांत वर कौन्सिल. त्यात निवडून आलेले प्राध्यापक, कर्मचारी, बाहेरच्या उद्योगांतली माणसं आणि निवडून आलेले विद्यार्थी.

अध्यक्ष पुन्हा झुकले. "विद्यार्थी कौन्सिलात? मंग तिथी शिस्त कोन पाहते?"

आमच्याकडे अशी स्लाइड करायची गरजच नव्हती. वर अध्यक्ष, त्यांच्या खाली त्यांचे भाऊ, मग प्राचार्य आणि मग आम्ही सगळे.

दुपारी एलेन म्हणाल्या, मला विद्यार्थ्यांना भेटायचंय. प्राचार्यांनी कॉम्प्युटरची मुलं टाय लावून तयार ठेवली होती. मी पल्लवी नागापुरेला बोलावलं. ती आमच्या मायनिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या मागे मायनिंगला ॲडमिशनच झाल्या नव्हत्या, त्यामुळे सध्या तरी तिचीच बॅच शेवटची. वर्गात ती एकटी मुलगी.

पल्लवी मूल तालुक्यातली. घरी थोडं धान, बाकी तलावातली मासेमारी. पुढे तिच्या वडिलांच्या सोसायटीला कोळशाच्या एका बंद ओपनकास्टमध्ये मासे सोडायची परवानगी मिळाली. ओपनकास्ट म्हणजे उघडी खाण. कोळसा काढून झाला की मोठा खड्डा उरतो आणि त्यात पाणी साचतं. वरची माती-मुरूम बाजूला ढिगानं पडलेली असते, त्याला आम्ही ओबी म्हणतो. एका पावसाळ्यात त्या ओबीचा कडा खड्ड्यात सरकला. पाण्याला मोठी लाट आली आणि मासेमारीचा डोंगा उलटला. पल्लवीचे वडील पोहून काठाला लागले. तिचा काका बुडाला. ती तेव्हा बारावीला होती. निकालानंतर घरच्यांनी सुचवलेलं नर्सिंग बाजूला ठेवून तिनं मायनिंग घेतलं.

एलेननं तिला विचारलं, "तुला काय शिकायचं आहे?"

"खाण बंद झाल्यावर काय होते, ते," पल्लवी इंग्रजीत म्हणाली. "सगळे कोळसा कसा काढायचा ते शिकवतात. नंतरच्या पाण्याचं कोणी शिकवत नाही."

एलेननं मग आपली फाइल बंद केली. "तो खड्डा मला दाखवाल?"

कार्यक्रमात ताडोब्याची सफारी होती. मोहर्ली गेटवर जिप्सी बुक होती. ती प्राचार्य आणि अध्यक्षांचे भाऊ घेऊन गेले. आम्ही तिघी खाणीवर गेलो. पल्लवीनं कडा कुठून सरकला ते दाखवलं, पाणी मुरून ढिगाचा पाया कसा ढिला होतो ते सांगितलं. एलेन बराच वेळ काठावर उभ्या होत्या. त्यांच्या विद्यापीठात यासाठीच एक प्रयोगशाळा होती. त्यांच्या जुन्या खाणीही पाण्यानं भरल्या होत्या. खाणशाळेनं कोळसा सोडला आणि त्याच पाण्याचा, खचणाऱ्या जमिनीचा अभ्यास धरला, म्हणून ती टिकली होती.

"आमच्याकडे आता त्या पाण्याकाठी लोक सुट्टीला येतात," त्या म्हणाल्या. "त्याआधी बरीच माणसं गेली."

करार झाला. डबल डिग्री असं त्याला म्हणतात. विद्यार्थ्यानं तीन वर्षं इथे करायची, दोन वर्षं तिथे. शेवटी दोन्ही पदव्या मिळतात. एक सीट ठरली आणि तिची फी फ्रान्सच्या बाजूनं माफ होती. मुलाखती एलेनच्या विभागानं ऑनलाइन घेतल्या. पल्लवीची निवड झाली.

तिचे वडील मला भेटायला आले. पांढरा सदरा, हातात ओल्या कपड्यात गुंडाळलेले मासे. स्टाफरूममध्ये वास पसरला तशी एक-दोन माणसं उठून गेली.

"मॅडम, पोरगी फ्रान्सले जाऊन राह्यली म्हनते. खरं हाय का?"

"खरं आहे, भाऊ. तुमची हरकत नाही ना?"

"हरकत कायची? तिच्या मायले भेव वाटते. मले नाई वाटत. तिथी थंडी लय असते म्हनते, म्हून मी सेटर पाहून आलो गोलबाजारात." मग म्हणाले, "ते पान्याचं शिकनार हाय ना? मंग जाऊ द्या तिले."

आता राहिलं होतं कॉलेजचं एक हमीपत्र. शेवटी पदवी देण्यापर्यंत आमची शाखा चालू राहील, एवढंच त्यात लिहायचं होतं. प्राचार्य म्हणाले, उद्या देतो. मग म्हणाले, सोमवारी. मग म्हणाले, अध्यक्षांना विचारावं लागेल. मी अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, बसा. तुम्ही टेन्शन काऊन घेऊन राह्यल्या?"

"सर, एका सहीचं काम आहे."

"सहीचं नाई. मायनिंग आपन बंद करून राह्यलो. ही बॅच निघाली की शाखा खतम. त्या जागी एआय आननार हावो. आता ही पोरगी दोन वर्षांनं वापस येनार. म्हंजे तिच्या एकटीच्या डिग्रीसाठी एक वर्ष जास्त शाखा जिती ठेवाची? लॅब ठेवाची, स्टाफ ठेवाचा?"

चंद्रपुरात मायनिंग बंद. शहराच्या चारही बाजूंना कोळसा आणि त्या गावात खाण शिकवायला जागा नाही. हे मला त्या केबिनमध्ये, चहाच्या कपासमोर कळलं. विभागप्रमुख मी होते.

"शाखा कागदावर ठेवली तरी पुरे, सर. मी एकटी सांभाळीन."

"पाहतो," अध्यक्ष म्हणाले.

आमच्या संस्थेत 'पाहतो'चा अर्थ सगळ्यांना माहीत होता. तरी मी थांबले. पल्लवी व्हिसाची तयारी करत होती, फ्रेंचचे ऑनलाइन क्लास करत होती. ती रोज विचारायची आणि मी रोज सांगायची, येईल पत्र.

मग एक दिवस एलेनचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा उतरलेला.

"पल्लवीचं ऐकून वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "तिच्या वडिलांशी पुन्हा एकदा बोलून पाहता येणार नाही का?"

"वडिलांशी? कशाबद्दल?"

"ते तिला पाठवायला तयार नाहीत ना? तुमच्या प्राचार्यांनी कळवलंय. घरचा विरोध आहे, मुलगी लग्नाची आहे, म्हणून तिनं माघार घेतली. तिच्या जागी त्यांनी दुसरं नाव दिलंय, कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याचं."

मला तिच्या वडिलांनी घेतलेला तो स्वेटर आठवला. मरून रंगाचा होता. पल्लवीनं तो मला फोनवर दाखवला होता.

मी एलेनना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी हे कौन्सिलमध्ये नेते."

त्यानंतरचे दिवस मी त्या स्लाइडच्या भरवशावर काढले. निवडून आलेले प्राध्यापक, निवडून आलेले विद्यार्थी. तिथे कोणी एकटा अध्यक्ष नाही. तिथे विषय मांडता येतो. मला खरोखर वाटलं की तिथे न्याय होईल.

कौन्सिलनं नियमाप्रमाणे फक्त आमच्या कॉलेजला विचारणा केली. प्राचार्यांनी सही-शिक्क्यानिशी तेच पुन्हा कळवलं. मग तिथे चर्चा झाली. एलेन पल्लवीच्या बाजूनं बोलल्या, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही बोलले. बाकीच्यांचं म्हणणं असं पडलं की सीट संस्थेची आहे, विद्यार्थ्याची नाही. कोणाला पाठवायचं हा भागीदार संस्थेचा अंतर्गत प्रश्न. त्यात भारताशी संबंध वाढवणं हे त्यांच्या विद्यापीठाचं नवं धोरण होतं.

"मतदान झालं," एलेन म्हणाल्या. "आम्ही हरलो."

कॉल कोणी आधी बंद केला ते आठवत नाही.

पल्लवीला मीच सांगितलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "मॅडम, मले नाई घेतलं, ते समजते. पन बाबाचं नाव काऊन घेतलं?" माझ्याशी ती नेहमी पुस्तकी मराठी बोलायची, त्या दिवशी नाही बोलली.

दुसऱ्या दिवशी नागापुरे भाऊ कॉलेजात आले. या वेळी हातात काही नव्हतं. थेट प्राचार्यांच्या केबिनकडे गेले. शिपायानं अडवलं, तेव्हा मी बाहेर येऊन त्यांना आत घेऊन गेले.

"सायेब, मी नाई म्हटलो, असं तुमाले कोनं सांगतलं?"

प्राचार्य उठून उभे राहिले. "बसा ना भाऊ. चहा मागवतो."

"चहा नको. मी कधी नाई म्हटलो?"

"तसं नाही. ते तांत्रिक कारण होतं. शाखेचा प्रश्न होता."

"मंग तांत्रिक कारन लिहाचं ना, सायेब. माहं नाव काऊन लिहलं?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडेच पाहत होते.

"बाहेरच्या लोकांना समजेल असं काहीतरी द्यावं लागतं," ते शेवटी म्हणाले.

नागापुरे भाऊ टेबलाजवळ आले. "मी तिले वहीपुस्तक घेऊन देल्लं. डोंग्यात बसवून शिकवलं. माहा भाऊ त्या पान्यात गेला, तरी मी तिले म्हटलं, तू त्याचंच शीक. अन् तुमी तिकडच्या लोकायले सांगतलं, का बाप पोरीले अडवते. ते लोक आता मले तसाच समजत असतीन."

"भाऊ, त्यांनी तुम्हाला पाहिलंही नाही."

"तेच तं," ते म्हणाले आणि निघून गेले.

आमचं कॉलेज ज्या विद्यापीठाशी संलग्न होतं, तिथे मी लेखी तक्रार दिली. विद्यापीठाकडून उत्तर आलं की शाखा बंद करणं हा संस्थेचा अधिकार आहे. वडिलांबद्दल जे खोटं कळवलं, त्याविषयी उत्तरात एक शब्दही नव्हता. पल्लवीची बॅच पास झाली आणि मायनिंग बंद पडलं. मला पहिल्या वर्षाच्या मुलांना इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायला बसवलं. वर्षभर शिकवलं, मग मी राजीनामा दिला. अध्यक्षांनी शाल-श्रीफळ दिलं आणि भाषणात मला 'फ्रान्स कराराच्या शिल्पकार' म्हणाले. टाळ्या वाजल्या.

कॉम्प्युटरचा तो मुलगा तिकडे गेला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला बिचाऱ्याला आपण कोणाच्या जागी आलो हे माहीतही नव्हतं. एलेननं त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं मला फोन करून माफी मागितली. इथल्या माणसांपैकी तेवढ्याच एकानं मागितली. त्याचा बर्फातला फोटो कॉलेजच्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे.

पल्लवी आता गडचिरोलीत लोखंडाच्या खाणीवर एका ठेकेदार कंपनीत आहे. माल किती उचलला, याचा हिशेब ठेवण्याचं काम. खाणीच्या उतारांच्या सुरक्षेचं, म्हणजे कडे सरकू नयेत हे पाहण्याचं काम मागितलं होतं, ते दुसऱ्याला मिळालं. एलेननं तिला अर्ज करून स्वतःच्या बळावर ये म्हणून दोनदा लिहिलं. पहिल्यांदा पल्लवीनं विचार केला. दुसऱ्यांदा उत्तरच दिलं नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, आता बाबा खरंच नको म्हणतात."

नवीन प्राध्यापक कधीकधी मला विचारतात, परदेशी विद्यापीठाशी करार करायचा आहे, काय पाहावं? मी त्यांना सांगते, त्यांची क्रमवारी पाहू नका, इमारत पाहू नका, कौन्सिलमध्ये कोण बसतं तेही पाहू नका. सीट कोणाच्या मालकीची, एवढंच पाहा. विद्यार्थ्याचं नाव एकदा लागल्यावर ते त्याच्या स्वतःच्या सहीशिवाय काढता येणार नाही, असं एक वाक्य करारात घालून घ्या. तुमची संस्था त्याला तयार नसेल, तर मुलाखतीच घेऊ नका. आणि कोणाच्या बापाला स्वेटर घ्यायला लावू नका.