लिहिलेले फाडा, कोरे जपा

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या दिवसांत मी शहापूर-मुरबाडकडच्या एका कोर्टात दफ्तर कारकून होतो. कोणत्या ते सांगत नाही, कारण माझीही अब्रू त्यात गुंतली आहे. जुनी प्रकरणे नष्ट करण्याच्या नियमांचे एक छापील पुस्तक माझ्या टेबलावर असे. ते लिहिणारे उंटावरून शेळ्या हाकत होते, असे मी तेव्हा मनातल्या मनात म्हणायचो, आज उघड म्हणतो.

नियम असा. दावा संपून ठरावीक वर्षे झाली की कागद फाडून जाळायचे. त्याआधी कोर्टाच्या फळ्यावर महिनाभर नोटीस लावायची, की ज्यांचे मूळ दस्तऐवज प्रकरणात असतील त्यांनी ते घेऊन जावेत. आमची नोटीस लागली ती भर आषाढात. काळू नदी उतार देत नाही, माणसे गुडघाभर चिखलात भाताची आवणी करताहेत, आणि आम्ही त्यांना फळा वाचायला बोलावतो! त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. गावोगावच्या पाटलांना एकेक चिठ्ठी धाडू, असे मी आमच्या वरिष्ठांना, शिरस्तेदारांना, सुचवले. ते म्हणाले, नियमात तसे कुठे लिहिले आहे ते दाखवा. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

डोंगराकडची माणसे आपले मूळ कागद मुद्दामच कोर्टात ठेवत. दावा मिटला तरी परत मागत नसत. घर कुडाचे, वर पेंढा, कधी आग, कधी वाळवी, कधी भावकी. सरकारच्या कपाटाइतकी बळकट जागा दुसरी नाही, अशी त्यांची खात्री होती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते, शिरस्तेदारांनाही.

दिवाळीनंतर फाडाफाड सुरू झाली. कागदाची टंचाई होती, म्हणून वरून आणखी एक हुकूम आला, की प्रकरणांतली कोरी अर्धी पाने कापून जपून ठेवावीत. म्हणजे माणसांनी अंगठे उठवलेले ते जाळायचे आणि ज्यावर काहीच नाही ते सांभाळायचे. मी आठ दिवस तेच केले. नंबर यादीशी ताडायचा, खूण करायची, फाडायचे.

पौषातली म्हसा गावची जत्रा आटोपल्यावर टोकावड्याच्या पलीकडून एक विधवा बाई चालत आली. तिच्या सासऱ्याचे आणि त्याच्या भावाचे वाटणीपत्र एका दाव्यात दाखल होते. पुढे पंचांनी समेट घडवला, दावा काढून घेतला गेला आणि कागद आमच्याकडेच राहिला. आता नवरा वारल्यावर चुलत दिराने काटे टाकून तिच्या शेताची वाट बंद केली होती. शेताच्या चारी अंगांना जमीन त्याचीच. वाट तिची आहे, हे त्या एका कागदातच लिहिलेले होते.

"भात डोक्यावर आनीन," ती म्हणाली, "पन नांगर न् बैल कशे नेऊ?"

मी यादी काढली. तिच्या प्रकरणापुढे माझ्याच हातची खूण होती. मी तिला नोटिशीबद्दल, फळ्याबद्दल, महिन्याच्या मुदतीबद्दल सांगितले. सांगताना माझी मलाच लाज वाटत होती. सगळे ऐकून ती म्हणाली,

"घरी ठेवला आसता तर वाळवीनं तरी थोडा शिल्लक ठेवला आसता, भाऊसाहेब."

शिरस्तेदारांनी मान वर न करता सांगितले, दाव्यांचे रजिस्टर कायम राहते, त्याची नक्कल मिळेल. त्या रजिस्टरात काय होते? नंबर, दोन्ही पक्षकारांची नावे आणि 'दावा काढून घेतला'. वाटेबद्दल एक अक्षर नाही. असल्या नोंदी म्हणे कायम जपायच्या! ते रजिस्टर उचलून त्यांच्या टेबलावर आपटावे असे वाटले. मी ते नीट मिटून जागेवर ठेवले.

बाई जाईना. बराच वेळ ओटीवर बसून राहिली, मग पुन्हा माझ्यापाशी आली. तिला एक मार्ग सुचला होता.

"कागद तुमीच फाडला ना? मंग फाडताना वाचला आसंल. वाट कुठनं जाते ते तुमीच कोर्टात सांगा. तुमच्या शब्दाला कोन नाय म्हननार नाय."

कागद मोडी लिपीत होता आणि मला मोडी उत्तम येत होती. वाचायला दोन मिनिटे पुरली असती. पण नियमात फक्त नंबर ताडायचा होता. मी तो वाचला नव्हता, आणि तिला तसे सांगावे लागले.